ही तीच व्यक्ती आहे का?

केसवालीच्या दाराला बोर्ड नव्हता, आणि तो नसण्याचा तिला भारी अभिमान होता. औषधांनी आता केस जाणार असं दवाखान्यात ज्यांना सांगितलं जायचं, त्यांच्यापर्यंत तिचा नंबर हळूच पोचायचा. खाली राहतं घर, मागच्या गल्लीतून जिना, जिना चढलं की खोली, खोलीत मोठी खिडकी, खिडकीपाशी खुर्ची आणि समोरच्या आरशावर कापड. केसांचा टोप डोक्यावर नीट बसेपर्यंत ते कापड ती कुणाला उचलू द्यायची नाही. एका गिऱ्हाइकाची दुसऱ्याशी जिन्यात गाठ पडू नये म्हणून मध्ये चांगला मोकळा वेळ ठेवायची. रस्त्यात कुणी भेटलं तर ही आपण होऊन ओळख दाखवणार नाही. समोरची हसली तर ही हसणार, नाहीतर सरळ भाजीच्या पिशवीत डोकं घालून पुढे. सख्ख्या नणंदेने एकदा विचारलं, "अगं, ती टीव्हीवर बातम्या देणारी तुझ्याकडे येते म्हणे?" तर हिने "कोण बातम्या देणारी?" असं इतक्या भोळेपणाने विचारलं की नणंदेला वाटलं, हिच्या घरात टीव्हीच नसावा.

काम मात्र असं की बघत राहावं. बारीक जाळी, बारीक आकडी, आणि एकेक केस ओवून गाठ. बाजारात तयार विग ढिगाने मिळतात, पण ते डोक्यावर ठेवले की ठेवलेलेच दिसतात. हिचा टोप उगवलेला दिसायचा. त्यासाठी केस जायच्या आधीच ती गिऱ्हाइकाला बोलवायची आणि खिडकीच्या उजेडात फोनवर फोटो काढायची: भांग कुठून निघतो, कपाळावरची रेघ कशी वळते, मागचा भोवरा कोणत्या बाजूला फिरतो. भोवरा चुकला की सगळा टोप खोटा, असं तिचं ठाम मत. मग केस गेले की पुन्हा फोटो, या वेळी उघड्या डोक्याचे, मापासाठी. फोन एप्रनच्या खिशात जायचा आणि तिच्या लेखी विषय संपायचा. तिला वाटायचं फोन म्हणजे आपला कुलपाचा खण. आता यात बिचारीचा काय दोष म्हणा, आपल्या सगळ्यांनाच तसं वाटतं.

त्या सुमारास कोचबाईचा टोप चालू होता. कोचबाई तलावावर पोहायला शिकवायची. उंच, रुंद खांद्यांची, आवाज खणखणीत. उपचार सुरू झाल्यापासून पाण्यात उतरायची नाही, काठावर उभी राहून शिकवायची, आणि डोक्याला पोहण्याची रबरी टोपी. तलावावर सगळ्यांच्याच डोक्याला टोपी, त्यामुळे तिथे कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं.

"मग टोप कुणासाठी?" केसवालीने विचारलं होतं. एरवी ती असं विचारत नसे.

"बाबांसाठी," कोचबाई म्हणाली. "घरी आम्ही दोघंच. आई याच दुखण्याने गेली. तेव्हा बाबा दवाखान्यातून घरी यायचे ते फक्त अंघोळीला. ती गेल्यावर दुकान बंद केलं, बोलणंही बंद केलं. आता कुठे माणसात आलेत. माझं औषध पुरं होऊ दे, रिपोर्ट हातात पडू दे, मग मीच सांगेन. मीच सांगणार, ताई. दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळता कामा नये."

म्हणजे टोप एकाच माणसाने बघायचा होता. आणि तो माणूस कोण, तर गावभरची घड्याळं डोळ्याला भिंग लावून दुरुस्त केलेला घड्याळजी. केसवालीने तो टोप करताना डोळ्यांत तेल घातलं. आणखी एक गोष्ट तिला माहीत होती, ती तिने कोचबाईला तिथल्या तिथे सांगून टाकली: आपले सासरे आणि हे घड्याळजी रोज संध्याकाळी बागेतल्या एकाच बाकावर बसायचे. "पण माझ्या घरात माझ्या कामाचा शब्द निघत नाही," ती म्हणाली. कोचबाईने मान हलवली. ती तेवढं ऐकूनच हा जिना चढली होती.

सासऱ्यांना घरात नाना म्हणत. नानांची उभी नोकरी टपालखात्यात, पत्रं गावांप्रमाणे लावण्यात गेली. निवृत्तीनंतर हाताला काम नाही म्हणून ते कासावीस व्हायचे. नवरा जहाजावर, घरात सून आणि सासरा, बोलून बोलून बोलणार किती. मग लेकीने, म्हणजे केसवालीच्या मुलीने, त्यांना एक टॅबलेट आणून दिला. ती परगावी असायची, मांडीवर तान्हं बाळ. बाळाचे फोटो ती आईच्या फोनवर पाठवायची आणि ते आपोआप पणजोबांच्या टॅबलेटवर दिसायचे. नाना त्याला पाटी म्हणायचे. पाटी बाळ दाखवायची आणि मधूनमधून प्रश्न विचारायची: दोन चेहरे शेजारी-शेजारी, खाली ओळ, ही तीच व्यक्ती आहे का? हो, नाही. नानांना हे जाम आवडलं. जेवण झालं की चष्मा पुसून ते कामावर बसायचे. "आज बरंच टपाल साचलंय," म्हणायचे. केसवाली कौतुकाने हसायची आणि आपल्या कामाला लागायची. त्या पाटीवर काय चाललंय हे तिने वाकून कधी बघितलं नाही. दुसऱ्याच्या कामात डोकवायचं नाही हा तिचा नियम, आणि नेमका तोच नडला.

एका संध्याकाळी नाना काठी घेऊन फिरायला गेले होते. केसवाली त्यांचे इस्त्रीचे सदरे ठेवायला खोलीत गेली. पाटी पलंगावर होती, सदरा लागला आणि ती उजळली. डाव्या गोलात कोचबाई, खिडकीपाशी, मोकळ्या केसांची, काहीतरी बोलता बोलता हसलेली. उजव्या गोलात कोचबाई, उघड्या डोक्याची, डोळे मिटलेली. खाली तीच ओळ.

केसवाली पलंगावर बसली ती बसलीच. बोट सरकवलं तर खाली सगळ्या होत्या. बातम्या देणारी होती. बँकेतली होती. कॉलेजातली ती कोवळी पोरगी होती, जिने पहिल्या दिवशी तोंडातून शब्द काढला नव्हता. सगळ्या ओळीने, गोल कापलेल्या, बाळाच्या फोटोंच्या मध्ये मध्ये. आणि नाना या क्षणाला घड्याळजींच्या शेजारी बाकावर बसलेले असणार हे तिला आठवलं.

तिने मुलीला फोन लावला. मुलगी बाळाला थोपटत ऐकत होती. आधी म्हणाली, "अय्या." मग बाळाला खाली ठेवलं.

"आई, माझीच चूक. नानांना बाळ दिसावं म्हणून मी पाटीवर तुझंच खातं उघडून दिलं. तुझ्या फोनमधला प्रत्येक फोटो आधी कंपनीकडे जातो, तिथून पाटीवर. गिऱ्हाइकांचे फोटो तू त्याच फोनवर काढतेस हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"कंपनीकडे? माझ्या बायका कंपनीकडे गेल्या?"

"फोटो गेले. चेहरेही ओळखून ठेवलेत. आणि आई, एवढंच नाही. तू कधी कुणाच्या घरी जातेस तेव्हा नकाशा रस्ता लक्षात ठेवतो. कॅलेंडरमध्ये तू नावं आणि मापाच्या तारखा टाकतेस. त्या गप्पांच्या अ‍ॅपने तुझे सगळे नंबर घेतलेत."

"म्हणजे मी जन्मभर तोंड शिवून बसले आणि खिशातला हा गावभर बोलत फिरतोय," केसवाली म्हणाली. तिचा आवाज चिरकला. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की तिचं नाक लाल व्हायचं. ते मुलीला फोनवरही कळलं.

नाना परत आले. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. पण उभ्या आयुष्यात लाखो पत्रं हाताखालून गेलेल्या माणसाचा चेहरा तो, त्यावर काय वाचणार? विचारावं तर पंचाईत: त्यांनी बघितलं नसेल तर आपणच दाखवल्यासारखं होईल. तिने आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ झोपल्यावर मुलीने व्हिडिओवर आईची शिकवणी घेतली. आधी पाटीवरून खातं काढलं, फोटो परस्पर वर जाणं बंद केलं, कंपनीकडे साठलेलं सगळं पुसलं. मग एकेक अ‍ॅप समोर आलं. केसवाली केस विकत घेताना व्यापाऱ्याला जशी फैलावर घ्यायची, तशी ती अ‍ॅपना घेऊ लागली.

"हा नवा कॅमेरा काढलेले फोटो ठेवतो कुठे?"

"तुझ्या फोनमध्येच, वेगळ्या कुलपात. याला इंटरनेटची परवानगीच नाही. मागतही नाही."

"असा पाहिजे. आणि फुकट का देतोय? त्याचं पोट कशावर चालतं?"

"लोक देणगी देतात. काही लोक हौसेने बनवतात, आणि आत काय आहे ते कुणालाही तपासता येतं."

"बरं. पुढचा."

नकाशा असा मिळाला की शहर एकदाच उतरवून घ्यायचं, मग आपण कुठे गेलो ते त्याचा तो विसरतो. कॅलेंडर फोनपुरतं. गिऱ्हाइकांशी बोलायला असं अ‍ॅप की निरोप वाचला की काही वेळाने दोन्हीकडून नाहीसा. अक्षरं टंकायचा कीबोर्डसुद्धा बदलला, कारण जुना कीबोर्ड काय टंकलं ते शिकून घेत होता हे कळल्यावर केसवाली थक्कच झाली. विजेरीच्या अ‍ॅपपाशी तर तिचा पारा चढला.

"विजेरीला माझ्या गिऱ्हाइकांचे नंबर कशाला हवेत? अंधारात फोन करणार आहे का ती त्यांना?"

"आई, फोनमध्ये विजेरी आधीपासूनच असते गं. हे अ‍ॅप तू कधी घेतलंस?"

"तुझ्या आत्याने पाठवलं."

"काढून टाक. आणि आत्याचा तो घरातल्या बायकांचा ग्रुप? तो जुन्याच अ‍ॅपवर आहे."

केसवालीने क्षणभर विचार केला. "तो राहू दे. तिथल्या गप्पा कंपनीने खुशाल वाचाव्यात. वाचून वाचून कंटाळेल आणि सोडून देईल." पण ते जुनं अ‍ॅप तिने कामाच्या फोनवरून काढून कपाटातल्या जुन्या फोनवर टाकायला लावलं, नंबरांची यादी न देता. मुलगी म्हणाली, आई, तू माझ्यापेक्षा कडक निघालीस. त्यावर केसवाली हसली नाही. तिला दुपारची वेळ दिसत होती. कोचबाई टोप घरी वापरू लागली होती, आणि दुपार टळताना तो सैल झालेला पुन्हा मापाला बसवून घ्यायला येणार होती.

कोचबाई आली, पिशवीतला टोप टेबलावर ठेवून, रबरी टोपी काढून खुर्चीवर बसली. केसवालीने टोपाला हात लावला नाही. ती समोर स्टूल ओढून बसली आणि झालं ते सांगितलं, काही न गाळता.

कोचबाईने ऐकून घेतलं. तिचा खणखणीत आवाज एकदम खाली आला. "मी तुमच्याकडे का आले, माहितीये ना? दवाखान्यात विग मिळतात. तिथे रांग असते, नाव पुकारतात. तुम्ही बोलत नाही म्हणून मी आले."

"माहितीये."

"आणि नानांनी बघितलंय?"

"माहीत नाही. विचारलं तर सांगितल्यासारखं होईल, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

कोचबाई खुर्चीत ताठ बसली. तिने माफ केलं नव्हतं, ते तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. मग म्हणाली, "टोप बसवा. खाली जाऊ. माझ्यासमोर विचारा."

केसवालीने टोप बसवला, कपाळाची कड बोटाने दाबली, आरशावरचं कापड काढलं. आरशात जुनी कोचबाई होती, भांगासकट, भोवऱ्यासकट. एरवी या क्षणाला गिऱ्हाईक रडायचं किंवा हसायचं. कोचबाई उठून जिन्याकडे चालू लागली.

नाना खोलीत पाटी मांडीवर घेऊन बसले होते. पाटी रिकामी होती. "सूनबाई, आज टपाल नाही," ते म्हणाले, आणि मागे कोचबाईला बघून उठायला लागले.

"बसा नाना," केसवाली म्हणाली. "पाटीवर तुम्हाला माझ्या गिऱ्हाइकांचे फोटो दिसत होते का?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढा वेळ त्यांनी कधी घेतला नव्हता.

"दिसत होते. मला वाटलं, तुझ्या कामाची काहीतरी सोय असेल, आपण त्यात बोलायचं नाही. टपालात उघडी पोस्टकार्डंही यायची गं. डोळ्यांना अक्षर दिसतंच. पण गाव वाचायचं आणि कप्प्यात टाकायचं, एवढंच आपलं काम."

"आणि पाटी विचारायची तेव्हा?" हे कोचबाईने विचारलं.

नानांनी तिच्याकडे पाहिलं. ही पोर लहानपणी घड्याळजींच्या दुकानात काउंटरवर बसून पाय हलवायची ते त्यांनी पाहिलेलं होतं.

"तुझे दोन फोटो दाखवायची. ही तीच व्यक्ती आहे का? मी म्हणायचो, नाही. दुसऱ्या दिवशी दुसरे दोन काढायची. पुन्हा तेच. मी पुन्हा नाही. फार चिवट आहे ती पाटी. तिला कळलेलं होतं, फक्त माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं. मी काही दाद दिली नाही. सूनबाईच्या एकाही गिऱ्हाइकाला मी ओळखलं नाही. पाटीचं माझ्याविषयी फार वाईट मत झालं असेल."

केसवालीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरले. तिच्या जिवात जीव आला होता. "मग घड्याळजींना तुम्ही काही..."

"त्याला काय सांगणार? त्याच्याकडे मी जातच नाही हल्ली."

"अहो, रोज काठी घेऊन जाता ना?" केसवालीने विचारलं.

"काठी घेऊन निघतो, बागेच्या फाटकापर्यंत जातो. तो बाकावर बसलेला दिसतो. मग मी वळतो आणि वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून राहतो. अंधारलं की घरी येतो." नाना पाटीवरून हात फिरवत होते. "शेवटचं बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, पोरगी हल्ली जेवत नाही, थकलेली दिसते, तुला काय वाटतं रे? मी म्हटलं, मला जरा काम आहे, आणि उठून आलो. पाटीशी खोटं बोलता आलं मला. त्याच्याशी नाही जमणार. तो बिचारा समजत असेल मी कशावरून तरी रुसलोय."

कोचबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मग ती म्हणाली, "बाबा रोज विचारतात मला. नाना का येत नाहीत, मी काही लागेलसं बोललो का? मी म्हणायचे, पाय दुखत असतील त्यांचे." तिने श्वास घेतला. "म्हणजे माझ्यामुळे तुम्ही दोघंही एकटे बसताय."

"तुझ्यामुळे नाही गं," नाना म्हणाले.

"चला नाना. काठी घ्या." मग केसवालीकडे वळून, थोड्या कोरड्या आवाजात, "तुम्हीही या, ताई. टोप काढायची वेळ आली तर पुन्हा नीट बसवायला कुणीतरी हवं."

केसवालीने एप्रन काढला. फोन खिशात होता तो तिने काढून नानांच्या टेबलावर ठेवला आणि तशीच निघाली.

घड्याळजी बाकाच्या एका टोकाला बसले होते. दुसरं टोक मोकळं ठेवलं होतं, तिथे त्यांनी छत्री आडवी टाकली होती, कुणी बसू नये म्हणून. नानांना बघून त्यांनी छत्री उचलली आणि म्हणाले, "या. राग गेला वाटतं." मग मागे लेक दिसली, लेकीच्या मागे एक अनोळखी बाई, आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन माणसं एकदम चालत येतात तेव्हा काय सांगायला येतात, हे त्यांनी एकदा अनुभवलेलं होतं.

नाना बसले नाहीत. ते आणि केसवाली थोडं बाजूला झाडाच्या पाराशी थांबले, ऐकू येईल इतकंच लांब. कोचबाई वडिलांशेजारी बसली. तिने रिपोर्टची वाट पाहिली नाही, शब्दही निवडले नाहीत. आईला झालं होतं तेच, बाबा, पण लवकर सापडलंय, औषध निम्म्यावर आलंय, डॉक्टर म्हणतात ठीक चाललंय. मी एकटीच जाते. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.

नानांनी काठीची मूठ घट्ट धरली होती. घड्याळजींनी लेकीच्या कपाळाकडे, भांगाकडे नजर लावली, भिंग लावल्यावर लावायचे तशी. इतके दिवस रोज समोर असून त्यांना काही दिसलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. केसवालीला जन्मात पहिल्यांदा आपलं काम जरा कमी चांगलं झालं असतं तर बरं, असं वाटलं.

"काढ बघू," ते म्हणाले.

कोचबाईने केसवालीकडे पाहिलं. केसवाली पुढे झाली, कानामागची कड सोडवली आणि टोप हलकेच उचलून हातात घेतला. बागेत पोरं खेळत होती, फाटकापाशी दोन बायका बोलत उभ्या होत्या. कोचबाईने मान खाली घातली नाही.

घड्याळजींनी आपला तळवा तिच्या डोक्यावर ठेवला. आधी बोटांनी चाचपलं, मग सगळा हात टेकवला आणि तसाच ठेवला.

"तू झालीस तेव्हा अशीच होतीस," ते म्हणाले. "नर्सने हातात दिली तेव्हा डोक्यावर एक केस नव्हता. तेव्हाही आधी मी घाबरलोच होतो." मग त्यांनी नानांना हाक मारली. "अरे, उभा काय राहिलास, बस ना इथे. हिला दवाखान्यात किती वाजता न्यायचं असतं ते मला विचारायचंय, आणि मला नीट ऐकू येत नाहीये."

नाना येऊन बसले. कोचबाईने वेळ सांगितली, नानांनी ती घड्याळजींच्या कानाशी पुन्हा सांगितली. हात अजून तिच्या डोक्यावरच होता.